माईंचे अठ्ठ्याण्णव

"अठ्ठ्याण्णव झालं! पाहा ना वो, अठ्ठ्याण्णव!"

महिला वॉर्डातल्या पाच नंबरच्या खाटेला माणसांनी वेढा घातला होता. दुपारची भेटायची वेळ. एरवी या वेळी डबे उघडतात आणि मेथीच्या भाजीचा वास फिनाइलच्या वासात मिसळतो. आज डबे बंदच राहिले. शेजारच्या खाटेवरची बाई सलाइनच्या नळीसकट उठून बसली होती. कोणी मोबाइल उंच धरला होता. मघापर्यंत सत्त्याऐंशीच्या आसपास रेंगाळणारा ऑक्सिजनचा आकडा मॉनिटरवर एकदम अठ्ठ्याण्णववर जाऊन बसला होता. खाली खाटेच्या कडेला सुनीतीमाई डोळे मिटून बसल्या होत्या. म्हाताऱ्या आयशाबीचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला होता आणि त्यावर आपली हिरवी शाल पांघरली होती. आयशाबीच्या तोंडावरचा मास्क त्यांनीच काढून उशाशी ठेवला होता.

"प्राणवायू बाहेरून येत नाही, बाळांनो," माई संथ सुरात म्हणाल्या. "हिमोग्लोबिनच्या कणाकणात देव बसलाय. नळी लावून त्याला गुदमरवायचं नसतं. नामाचा प्रवाह शिरांमधून सोडला, की फुप्फुसातलं पाप कफ होऊन सुटतं."

अर्धं वाक्य नर्सिंगच्या पुस्तकातलं, अर्धं कीर्तनातलं. पुस्तक कोणतं, हे त्या वॉर्डात एकाच बाईला ठाऊक होतं. वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर अनघा औषधांच्या कपाटाकडे तोंड करून उभी होती आणि आधीच नीट लावलेल्या इंजेक्शनच्या बाटल्या पुन्हा नीट लावत होती.

ती आणि सुनीती यवतमाळला एकाच वर्गात शिकल्या होत्या. परीक्षेत अनघा पहिली यायची आणि रुग्ण मात्र सुनीतीला हाका मारायचे. रडणारं मूल अनघाच्या हातात आणखी रडायचं. सुनीतीनं घेतलं की तिच्या खांद्यावर मान टाकायचं. मेट्रनबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "अनघाचं काम चोख आहे, पण सुनीतीच्या हाताला गुण आहे." त्यातलं ते 'पण' अनघाला अजून टोचत होतं. लग्न करून सुनीती वणीला गेली, तिनं नोकरी सोडली, आणि परत आली ती माई होऊन. फुलसावंगीच्या रस्त्यावर तिचा 'प्राणधाम' आश्रम उभा राहिला. अनघाचे केस मात्र याच वॉर्डात पांढरे झाले. आजवर एकही पेशंट तिच्या पाया पडला नव्हता. तिनं पडू दिलं नसतं, हे वेगळं. पण निदान कुणी वाकायचं तरी!

आज सकाळपासून तिनं आयशाबीसाठी काय केलं नव्हतं? वाफारा दिला, पाठ थोपटली, उशा लावून बसतं केलं. तेव्हा कुठे आकडा दोन घरं हलला. आणि ही आली, हात धरला, अठ्ठ्याण्णव! तिला त्या खाटेकडे बघवेना.

"मॅडम," स्टाफ नर्स खुशी राठोड धावत आली, "त्या बाईनं मास्क काढला ना!"

तेव्हा अनघा भानावर आली. गर्दीतून वाट काढत ती खाटेशी पोचली आणि तिनं मास्क पुन्हा लावला. तोवर माई शाल आवरून उठल्या होत्या.

"सिस्टर, मास्क कायले लावता आता?" आयशाबीचा मुलगा कलीम तिच्यापुढे आला. महागावात त्याचं मोटारसायकलींचं गॅरेज होतं. "तुमी सकाळपासून नळ्याच लावून राह्यल्या. नंबर वाढला काय? माईनं नुसता हात धरला अन् अठ्ठ्याण्णव!"

"कलीमभाई, त्यांचा श्वास बघा ना."

"श्वासाचं मले काय समजते? कोरोनात तुमीच सांगत होत्या ना सगळ्यायले, नंबर पाहा, नंबर पाहा म्हणून?"

ते खरं होतं.

"मी उठले की आकडा पडणारच," माई दारातून म्हणाल्या. "या भिंतींमध्ये फार वेदना साठल्यात. उद्या गाडी आणते, आईला धामात ठेव. अनघा, तुझी काही हरकत नाही ना?"

आकडा खरंच पडला. मास्क असूनही तो पुन्हा सत्त्याऐंशीवर आला. लोकांच्या दृष्टीने चमत्कारावर शिक्कामोर्तब झालं.

डॉक्टर सलील यांनी कलीमला बाजूला घेऊन समजावलं: न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरलाय, यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आजच हलवायला हवं, तिथे बेडही मिळालाय. कलीम ऐकून घेत होता, पण त्याची नजर दाराकडे होती. "उद्या माईची गाडी येऊन राह्यली, साहेब. तिच्या हातात अम्मीचा नंबर वाढला. आता मी कोणावर भरवसा ठेवू, सांगा."

घरी जाऊनही अनघाच्या डोक्यातून तो आकडा जाईना. सुनीतीच्या हातात खरंच काही असेल तर? आणि नसेल, तर आपल्याला तसं वाटतंय ते शास्त्रामुळे, की जळफळाटामुळे? मग तिनं स्वतःला तोच प्रश्न विचारला, जो ती नव्या मुलींना विचारायची: पेशंटमध्ये काय बदललं? नाकपुड्या तशाच फुलत होत्या. बरगड्यांमधली कातडी तशीच आत ओढली जात होती. ओठ तर मास्क काढल्यावर आणखी काळवंडले होते. बदलला होता तो फक्त आकडा. आणि तो बदलत असताना शालीखाली काय चाललं होतं, ते अनघाने पाहिलं नव्हतं, कारण ती कपाटाकडे तोंड करून जळत उभी होती. वॉर्ड जिच्या ताब्यात, तिनंच पाठ फिरवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॉनिटर एकदम कोकलायला लागला. आकडा गायब, पडद्यावरची लाट सपाट. कलीम ओरडलाच, "अम्मी!"

"काही झालं नाही," अनघा म्हणाली. "खुशी, ऑक्सिजनचा चिमटा ज्या हाताच्या बोटाला, त्याच हाताला बीपीचा पट्टा बांधलास ना?"

खुशीने जीभ चावली. नव्या मुली हमखास करतात ती चूक.

"पट्टा फुगला की हाताचं रक्त थांबतं, कलीमभाई. बोटात रक्तच येत नसेल, तर चिमट्याला दिसणार काय? बीपी दुसऱ्या हातावर घ्यायचं ते म्हणून." ती पट्टा सोडायला वाकली. हवा सुटली, लाट पुन्हा उठली, आकडा परत आला. अनघाचा हात मात्र त्या पट्ट्यावरच थांबला.

दुपारी पोर्चमध्ये दोन गाड्या उभ्या होत्या. एक यवतमाळला जाणारी अँब्युलन्स, दुसरी झेंडूच्या माळा लावलेली प्राणधामची. वॉर्डात कालच्या दुप्पट गर्दी. माई आल्या, बसल्या, मास्क काढायला त्यांनी हात पुढे केला.

"मास्क राहू दे," अनघा म्हणाली. "देव कणाकणात आहे ना? मग मास्क असला तरी त्याला चालेल."

कोणीतरी फिस्सकन हसलं. माईंनी मास्क तसाच ठेवला, आयशाबीचा हात घेतला, शाल पांघरली. पडद्यावरचा आकडा क्षणभर गेला आणि परतला: अठ्ठ्याण्णव. हात जोडले गेले, मोबाइल वर झाले.

आज अनघाने नजर हटवली नाही. ती खाटेला खेटून उभी राहिली.

"गाडीत घालण्याआधी बीपी घेते. नियमच आहे," असं म्हणत तिनं शालीबाहेर दिसणाऱ्या आयशाबीच्या दंडाला पट्टा बांधला. त्याच हाताच्या. खुशीनं चमकून तिच्याकडे पाहिलं. अनघा फुगा दाबत राहिली. पट्टा टम्म फुगला.

मॉनिटर शांत होता. अठ्ठ्याण्णव. लाट डौलात चालली होती.

"कलीमभाई," अनघा हळू आवाजात म्हणाली, "सकाळी असाच पट्टा फुगवला, तेव्हा काय झालं होतं?"

"बंद पडलं होतं ना," कलीम बोलून गेला. मग त्यानं पडद्याकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं. इंजिन बंद असताना मीटरचा काटा फिरताना दिसावा, तसा तो बघत राहिला. "आता काहून बंद नाही पडून राह्यलं?"

"ऊर्जा आहे ती," माई घाईने म्हणाल्या. "पट्ट्यानं ऊर्जा अडत नाही, बाळा."

कलीमने वाकून शाल उचलली. चिमटा माईंच्या तर्जनीला लावलेला होता. आयशाबीचं बोट नुसतंच शेजारी पडलं होतं.

वर धरलेले मोबाइल एकेक करून खाली आले.

"माई," कलीम म्हणाला, "हा नंबर कोणाचा होय?"

अनघाने पट्टा सोडला, चिमटा काढून आयशाबीच्या बोटाला लावला. सत्त्याऐंशी.

"मी तिला धीर देत होते," सुनीती उठली. तिचा आवाज आता माईंचा नव्हता, होस्टेलमधला होता. "तुला बघवलं नाही. तू पहिल्यापासून जळतेस माझ्यावर."

"जळते," अनघा म्हणाली. "आजही जळते. पण मी जळले काय किंवा नाही जळले काय, चिमटा तुझ्याच बोटाला होता."

कलीमने आईला स्वतः उचलून अँब्युलन्समध्ये ठेवलं. डॉक्टरांनी पोलिसांत तक्रार दिली. झेंडूच्या माळांची गाडी रिकामीच गेली.

लोक मात्र हलेनात. मग अनघाने चिमटा सगळ्यांसमोर धरला. सलाइनवाल्या बाईचा नवरा पुढे आला, त्याच्या बोटाला सत्त्याण्णव आले. खुशीच्या बोटाला नव्व्याण्णव. "मंग मी बी माई झाली!" खुशी म्हणाली आणि सगळे हसले.

"यंत्र खोटं बोलत नाही," अनघा म्हणाली, "पण ते ज्याच्या बोटाला लावलंय, त्याच्याबद्दल बोलतं. नुसता आकडा पाहा, असं तुम्हाला आम्हीच शिकवलं. यापुढे माणूसही पाहा. छाती कशी हलते, ओठांचा रंग काय, मनगटात नाडी कशी लागते. कुणी चमत्कार दाखवला, की टाळी वाजवण्याआधी शाल बाजूला करायला सांगा. चमत्कार खरा असेल, तर त्याला शालीची गरज नाही."

त्या दिवसापासून वॉर्डात नियम झाला: आकडा अचानक बदलला, चांगला झाला तरीही, सिस्टरने मनगट हातात धरून नाडी मोजायची. आणि मास्कला वॉर्डाबाहेरच्या कुणी हात लावायचा नाही.

आयशाबी बऱ्या होऊन परतल्या. तपासणीसाठी येऊन बाकावर बसल्या आणि इकडे तिकडे पाहत म्हणाल्या, "सिस्टर, झूटी थी, सब मालूम है. पर उस माई का हाथ बडा गरम था."

अनघा पुन्हा जळली. चाळीस पेशंटांच्या वॉर्डात गरम हात ठेवायला वेळ कुठून आणायचा, असं तोंडावर आलं होतं. ते तिनं गिळलं. स्टूल ओढून ती शेजारी बसली, आयशाबीचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजू लागली. मिनिट संपलं तरी तिनं हात सोडला नाही.

"तुम्हारा हाथ तो बर्फ है, बेटी," आयशाबी म्हणाल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "रहने दो. अब गरम हो रहा है."