शालनताईंचा चिलखती मासा

शालनताईंच्या माशानं पलंग खाल्ला, त्या दिवसापासून त्या घरातली झोप संपली. खुर्च्या खाल्ल्या तेव्हा पाहुणे बसणंच विसरले; उभ्या उभ्या चहा पिऊन जायचे. पोळपाट गेला आणि पोळ्या गोल व्हायच्या थांबल्या. मासा मुळात लाकूडखाऊच. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा नदीतला, पाठीवर चिलखत, ओठ सदा काचेला चिकटलेले. अख्ख्या मिरजेत असला मासा दुसऱ्या कुणाकडे नव्हता. शालनताई रोज हौसेनं एकेक वस्तू टाकीत सोडायच्या. टाकी एवढीशी, पण मावायचं सगळं.

धाकटे दीर विलासभाऊजी यांना ते काळं ध्यान डोळ्यांसमोर नको होतं. ईशान्येला छानसे गोल्डफिश ठेवायचे सोडून हे काय भूत पाळलंय, असं ते येता-जाता ऐकवायचे. शालनताईही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. नवरा वडिलांनी पसंत केला, घर नवऱ्यानं, पडदे सासूबाईंनी. उभ्या जन्मात माझ्या पसंतीचा हा एक मासा आहे, त्याला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

शेवटी भाऊजी बादली घेऊनच आले. ज्या दारानं आला त्याच दारानं घालवा, असं त्यांना वास्तूवाल्यानं सांगितलं होतं. आले खरे, पण नेमका राहुकाळ लागलेला. राहुकाळात कामाला हात घालायचा कसा? मग काय, राहिले बादली धरून भिंतीला टेकून, घड्याळाकडे बघत.

शालनताईंना राहुकाळाचं काही नव्हतं. त्यांनी पदर खोचला, बिजागऱ्या सोडवल्या आणि दार चौकटीसकट उचलून टाकीत सोडलं. भाऊजी नुसते बघत राहिले. अडवणं हेही कामच की! मासा दारावर जाऊन बसला, करकर आवाज सुरू झाला. हळूहळू दाराच्या जागी भिंत आली. रंग दिलेली, वर कॅलेंडरचा खिळासुद्धा.

राहुकाळ संपला. भाऊजींनी त्या भिंतीवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"वहिनी, आता याला घालवायचा कुठून?"

"घालवायचा नाहीच."

"आणि मी?"

"तुम्हाला कुणी बोलावलं होतं?"

भाऊजींची नजर खिडकीकडे गेली. शालनताईंचीही गेली, आणि त्या आधी पोचल्या. चौकट सागवानी होती, सोडवायला जोर लागला. ती पाण्यात बुडाली, माशानं तिला ओठ लावले, आणि बाहेरचा उजेड एका कडेनं कुरतडला जाऊ लागला.