हंसाचं बोटीवरचं व्रत

दांडी गावचा मच्छीमार पैसे भरून बोटीत बसतोय, हे ऐकून आमची अख्खी आळी हसली. मी काय करनार? आमच्या पोरीनं, जागृतीनं, आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला क्रूझची तिकिटं काढली, मुंबई ते गोवा आणि परत. मी मनातनं खूश. खोड्या काढायला नवीन गिऱ्हाईक! पण बोटीवर पाय ठेवला आणि माझीच खोडी निघायला लागली.

माझ्या बायकोला, हंसाला, दूध चालत नाय. आवडत नाय असं नाय, चालतच नाय. तूप, लोणी, दही, काय बी पोटात गेलं की ओठ सुजतात, घसा आवळतो. मागं एका हळदीला चमचाभर बासुंदी खाल्ली, तर बोईसरला दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावायला लागला.

म्हणून पहिल्याच जेवणाला मी वेटरला गाठलं. दर्पण नाव त्याचं.

"दादा, हिला दुधाचं काय नको."

"नो प्रॉब्लेम, सर."

आणली डाळ. वर लोण्याचा गोळा तरंगतोय.

"अरे, हे काय?"

"दूध नहीं है, सर. बटर है."

डाळ परत. पनीर आलं, परत. रोटी आली ती चकाकत होती. "थोडासा घी, सर. चमक के लिए." शेवटी हंसा म्हणाली, "अवो, मासा मागवा. मासळीत कुठनं दूध येनार?"

आलं पापलेट. मलईच्या पांढऱ्या घट्ट रश्शात गळ्यापर्यंत बुडालेलं. हंसानं जन्मभर पापलेटं विकली. ती त्याच्याकडं अशी बघत बसली, जसं घरातलं कोण गेलंय.

रात्री केळी खाऊन झोपली. सकाळी उपम्यात तूप. मी तडक मोठ्या आचाऱ्याकडं गेलो. पुंडलिक म्हणून साताऱ्याकडचा माणूस.

"हिला दुधानं त्रास होतो. जीव घाबरा होतो."

"थोडंफार चालत असेल ना?"

"थेंब पन नाय."

"बघतो, बघतो."

दुपारी भातावर तुपाची धार! माझं डोकंच फिरलं. हंसा ताट सरकवून म्हणाली, "गोवा आला की उतरू. एसटीनं घरी जाऊ. नको मला ही बोट." आता पोरीला काय तोंड दाखवायचं? किती हौसेनं पाठवलं होतं तिनं.

बाजूच्या टेबलावर एक जैन कुटुंब होतं. बिनकांद्याचं, बिनलसणाचं ताट, एकदम टकाटक. त्यांना कोण विचारत नव्हतं, थोडासा कांदा चालेल का म्हणून. माझी ट्यूब पेटली. इथं पोटाचं कोण ऐकत नाय, देवाचं ऐकतात.

पुन्हा पुंडलिककडं गेलो, आवाज बारीक केला. "खरं सांगू का? बायकोनं देवीआईला नवस बोललाय. घरी पोचेपर्यंत दुधाचा थेंब तोंडात घालायचा नाय. गेला तर..." आणि खिडकीतनं पाण्याकडं बघून गप्प बसलो.

पुंडलिकनं दोन्ही कान पकडले. रात्री नवा तवा, नवा कालथा, तेलाची नवी पिशवी. तळलेले बांगडे, भात, चिंचेचं कालवण. हंसा काट्यापर्यंत चाटून जेवली. गोव्याला उतरायचं नावच नाय काढलं.

पण बातमी बोटभर पसरली. बोटीवर भेटलेल्या सालवड गावच्या सुगंधाताई नवऱ्याला घेऊन हंसाच्या पाया पडून गेल्या. बोट जरा हलली की लोक हंसाच्या ताटात डोकावायचे. "आईच्या नावानं थापा मारता?" म्हणून हंसानं मला चिमटे काढून काळानिळा केला.

शेवटच्या संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. पुंडलिक चांदीच्या वाटीत खीर घेऊन हजर. "ताई, मुंबईचे दिवे दिसले. आता व्रत सोडा."

"दिवे दिसले म्हंजे किनारा लागला काय?" मी ओरडलो. "जन्म दर्यात गेला, मला कळतं!"

कोण ऐकतोय? मोबाईल वर झाले. हंसा उठली.

"व्रतबित काय नाय. दूध खाल्लं तर माझा घसा बंद होतो. ह्या मानसानं थाप मारली."

पुंडलिक म्हणाला, "अहो ताई, मग हे पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का?"

माझ्या तोंडात आलेली शिवी मी कशी गिळली, ते माझं मला माहीत. तेवढ्यात सुगंधाताईंनी चमचा भरला. "असू दे हो ताई. व्रत नसलं तरी चमचाभर घ्या, प्रसाद म्हणून." चमचा हंसाच्या ओठाजवळ, हंसा मागं सरतेय, मागं खुर्ची.

मी वाटी हिसकावली, तोंडाला लावली आणि तळापर्यंत रिकामी केली. मग चमचाही चाटला.

"नवऱ्यानं सोडलं की बायकोचं सुटतं," मिशी पुसत मी म्हटलं. "आमच्या दांडीत असंच असतंय."

हॉल टाळ्यांनी दणाणला. सुगंधाताईंनी डोळे टिपले. हंसा कानाशी कुजबुजली, "दांडीत कदी असतंय असं?"

"आजपासनं."

खीर बाकी फक्कड होती. तिला नाय सांगितलं.