सोळा इंच पाच सूत

वर्लिन स्टॅम्परच्या घरी चोरी झाली तेव्हा तो आणि त्याची बायको ओपल चर्चमध्ये होते. चोराने ड्रिल मशीन नेलं, ओपलच्या आईचं घड्याळ नेलं आणि बैठकीच्या खोलीत दोन खुंट्यांवर ठेवलेली छोटी एकनळी बंदूकही नेली. ड्रिलचं वर्लिनला फारसं काही वाटलं नाही. घड्याळ तर बंदच होतं. बंदुकीसाठी मात्र तो त्याच दुपारी शेरीफच्या कचेरीत गेला, तक्रार लिहून दिली आणि पुढचे तीन आठवडे रोज सकाळी फोन करून तिथल्या लोकांचं डोकं खात राहिला.

शेवटी चोर सापडला. तो नशेच्या गोळ्या विकणाऱ्या मोठ्या टोळीतला निघाला, त्यामुळे प्रकरण केंटकीच्या हातातून थेट वॉशिंग्टनवाल्यांच्या हातात गेलं. शेरीफच्या डेप्युटीचा फोन आला, "वर्लिनकाका, बंदूक मिळाली तुमची. या ओळखायला."

वर्लिन इस्त्रीचा शर्ट घालून गेला. "हीच. माझीच आहे," म्हणाला आणि दाखवतील तिथे सही केली.

तिथेच सगळं संपलं. अठरा इंचांपेक्षा आखूड नळीची शॉटगन, म्हणजे छर्‍यांची बंदूक, सरकारदरबारी नोंदवल्याशिवाय घरात ठेवणं हा गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. चोराने साथीदारांची नावं सांगून आपली कातडी वाचवली आणि खटला उभा राहिला वर्लिनवर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते काही उगाच नाही. फक्त इथे संन्यासी आपल्या पायांनी चालत आला होता.

सरकारने त्याला वकील दिली. मिस व्होगेल, तिशीतली, शहरातली, पण हुशार. पहिल्याच भेटीत वर्लिनने तिला सांगितलं, "मॅडम, असा काही कायदा आहे हेच मला ठाऊक नव्हतं. आमच्या खोऱ्यात पोरांसाठी सगळेच बंदूक कापून देतात."

"कायदा ठाऊक नव्हता, याचा काही उपयोग नाही, मिस्टर स्टॅम्पर. पण नळी आखूड आहे हे ठाऊक नव्हतं, याचा आहे. तुम्हाला ते ठाऊक होतं हे सरकारला सिद्ध करावं लागेल. तिथेच आपण त्यांना अडवायचं."

वर्लिनला हसूच आलं. बेचाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस तो. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. बाकीच्यांच्या लेखी ते काहीच नाही, पण सुताराच्या लेखी दार लागतं की अडतं, एवढा त्याने फरक पडतो. वर्लिन टेप न लावता सुताचा फरक सांगायचा आणि खोऱ्यातले लोक त्याच्याशी त्यावर पैजा लावून हरायचे.

"लांबी ठाऊक नाही? अहो, मीच तर ती..."

मिस व्होगेलने हात वर केला. "थांबा. ते वाक्य पुरं करू नका. खोटं मी तुम्हाला बोलू देणार नाही, आणि खरं बोललात तर खटला तिथेच हरलो. तुम्ही साक्षीला उभंच राहायचं नाही. गप्प बसण्याचा हक्क आहे तुम्हाला, तेवढा वापरा."

"आणि सुटलो, तर बंदूक परत मिळेल ना?"

"नाही. सुटलात तरी नाही," ती म्हणाली. मग जरा हळू आवाजात, "तुकडे करतात अशा बंदुकांचे."

वर्लिनने टोपी डोक्यावर चढवली आणि तो उठला.

बंदूक त्याच्या बापाची. त्याची मुलगी जोनेल नऊ वर्षांची झाली तेव्हा तिला बापाबरोबर खारींच्या शिकारीला जायचं होतं, पण बंदूक तिच्याहून मोठी. उचलली की नळीचं तोंड जमिनीकडे जायचं आणि पोरगी चिडून रडायची. मग एका शनिवारी वर्लिनने तिला कामाच्या बाकापाशी उभं केलं आणि नळीवर तिचा हात सरळ आडवा धरायला लावला. ओपलने कोपर धरलं, कारण पोरगी गुदगुल्या झाल्यासारखी हसत होती. खांद्यापासून मनगटाच्या हाडापर्यंत. वर्लिनने पेन्सिलीने खूण केली आणि मोजलं. सोळा इंच पाच सूत. तिथे कापलं, कानशीने कडा गोल केली, दस्ताही तिच्या मापाने उतरवला. दोन हिवाळे ती त्याच्या पुढे पुढे चालली. तिसऱ्या हिवाळ्यात ती लेक्सिंग्टनच्या हॉस्पिटलात होती, रक्ताचा कॅन्सर, आणि चौथा तिने पाहिला नाही. फोटो आहेत, पण फोटोवरून कुणाची उंची कळत नाही. तिच्या अंगाचं खरं माप जगात एकच उरलं होतं, आणि ते त्या दोन खुंट्यांवर होतं.

खटल्याच्या आदल्या दिवशी त्याने ओपलला इन्सुलिनची सुई दिली. मधुमेहाने तिचे डोळे नेले होते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळची सुई त्याच्याकडेच असायची.

"त्या बाईचं ऐक," ओपल म्हणाली. "गप्प बस म्हणते तर बस. एरवी दिवसचे दिवस तोंड उघडत नाहीस, कोर्टातच काय मोठा वक्ता होणार आहेस?"

"बसेन."

"घरी ये म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी बंदुकांचा सरकारी तज्ज्ञ साक्षीला आला. पांढऱ्या मिशांचा, सरळ दिसणारा माणूस. सरकारी वकिलाने विचारलं, "नळीची लांबी?"

"साडेसोळा इंच."

"म्हणजे अठराच्या आत?"

"बरीच आत."

साडेसोळा म्हणजे सोळा इंच चार सूत. वर्लिनने मान वर करून साक्षीदाराकडे पाहिलं, मग कोपऱ्यात बसून प्रत्येक शब्द टाइप करणाऱ्या बाईकडे. तिची बोटं थांबली नाहीत.

मिस व्होगेल उठली. काम तिने चोख केलं, यात शंका नाही. नळी कुणी कापली? सांगता येत नाही. कधी? सांगता येत नाही. नुसत्या नजरेने लांबी कळेल? बहुतेकांना नाही कळणार.

"म्हणजे कुणीतरी कधीतरी कापून टाकलेलं जुनं लोखंड," ती ज्युरीकडे वळून म्हणाली. "कुणी टेप न लावलेलं. भिंतीवर गंजत पडलेलं."

"गंजलेलं नव्हतं, मॅडम," तज्ज्ञ म्हणाला. "तेल दिलेलं होतं. आणि कडा फार मायेने घासली आहे. असं काम मी कमी पाहिलंय."

सबंध कोर्टात ते एकट्या त्यालाच दिसलं होतं. वर्लिनचे डोळे भरून आले.

जेवणाच्या सुट्टीत मिस व्होगेल खुशीत होती. "ज्युरीतले दोघं-तिघं मान हलवत होते. असेच गप्प राहा."

"ती बाई टाइप करते त्याचं पुढे काय होतं?" वर्लिनने विचारलं.

"ते? ते कोर्टाचं रेकॉर्ड. जपून ठेवतात."

"किती दिवस?"

"कायमचं. आपण सगळे मेल्यावरसुद्धा."

"आणि त्यात साडेसोळा लिहिलंय."

तिला काही कळलं नाही. ती कॉफी आणायला गेली. बाकावर ओपल कॉर्नब्रेडचा तुकडा हातात धरून बसली होती, खात नव्हती.

"साडेसोळा म्हणाला ना रे तो माणूस?" तिने हळूच विचारलं.

"हो."

"साडेसोळा नव्हतं ते."

"नव्हतं."

"मी कोपर धरलं होतं तिचं. तू मोठ्याने म्हणालास, आणि ती म्हणाली, पाच सूत म्हणजे केवढं, बाबा?" ओपल कॉर्नब्रेड परत रुमालात बांधत म्हणाली, "सुई मेव्हिस देईल मला. तिला येते द्यायला."

मेव्हिस तिची बहीण. तिचं आणि वर्लिनचं वीस वर्षांत पटलं नव्हतं.

"ओपल, फार दिवस लागतील."

"ठाऊक आहे मला. आंधळी आहे, खुळी नाही."

दुपारी वर्लिनने साक्ष द्यायची म्हटल्यावर मिस व्होगेलचा चेहरा पांढरा पडला. तिने समजावलं, रागावली, शेवटी हात जोडायचीच बाकी राहिली. न्यायाधीशांनी ज्युरीला बाहेर पाठवून स्वतः विचारलं, तुमच्यावर सक्ती नाही हे कळतंय ना. कळतंय, म्हणाला.

पुढे काय झालं ते लपवण्यात अर्थ नाही. ज्युरीने पाऊण तासात दोषी ठरवलं. ज्युरीतल्या एका बाईला 'दोषी' म्हणताना रडू आवरलं नाही, पण म्हणाली दोषीच. दीड वर्षाची शिक्षा झाली. बंदुकीचे तुकडे झाले. मिस व्होगेल नंतर कितीदा तरी म्हणाली की तो खटला आम्ही जिंकला होता.

पण त्या दुपारी तो साक्षीच्या खुर्चीत बसला, शपथ घेतली, आणि मिस व्होगेलने थकल्या आवाजात विचारलं, "मिस्टर स्टॅम्पर, तुम्हाला काय सांगायचंय?"

"त्या साहेबांचं माप एका सुताने चुकलंय," वर्लिन म्हणाला. "नळी मी कापली. सोळा इंच पाच सूत. माझ्या मुलीच्या हाताचं माप आहे ते, खांद्यापासून मनगटापर्यंत. जोनेल स्टॅम्पर. तेव्हा नऊ वर्षांची होती."

मग तो कोपऱ्यातल्या बाईकडे वळला. "लिहिलंत का, मॅडम? पाच सूत. चार नाही."

त्या बाईने न्यायाधीशांकडे पाहिलं. न्यायाधीश म्हणाले, "वाचून दाखवा."

तिने वाचलं. तिचा आवाज सपाट होता, रोज वाचतात तसा. मागच्या बाकावर ओपलने कुणाचं तरी कोपर धरावं तसा हात पुढे केला, आणि वाचून संपेपर्यंत तो तसाच धरून ठेवला.