ढालीची तिसरी ओळ

दाजींनी चाळिसावी शक्ती सुचवली तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला.

"समोरचा घास चावत असेल तेवढा वेळ त्याच्या मनातलं ऐकू येतं," दाजी म्हणाले. "कशी आहे?"

"आणि तो न चावताच गिळत असेल तर?"

"मग तुटक तुटक ऐकू येईल."

त्यांना हे सुचतं कुठून, कोण जाणे. दाजींचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि चुकीची वाचली तरी "छान, छान" म्हणायचं, असा त्यांचा स्वभाव. माझं नेमकं उलट. मी घरगुती यंत्रांची माहितीपत्रकं लिहितो. 'भांडं नीट बसल्याची खात्री केल्याशिवाय बटण दाबू नये' हे वाक्य माझं आहे. ते कुणी वाचत नाही आणि मग स्वयंपाकघराच्या भिंती रंगतात. जगातल्या निम्म्या भानगडी माहितीपत्रक न वाचल्यामुळे होतात आणि उरलेल्या निम्म्या ते नीट न लिहिल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

गेली चार वर्षं दर रविवारी सकाळी आम्ही दोघं माझ्या जेवणाच्या टेबलावर एक खेळ रचत होतो. टेबलाभोवती बसून खेळायचा. प्रत्येकानं पत्ता उचलून एकेक महानायक व्हायचं, आपला नायक काय करतो ते तोंडानं सांगायचं, फासे टाकायचे आणि फासे म्हणतील तसं पुढं जायचं. एकानं खलनायक चालवायचा. शक्ती शोधायच्या दाजींनी, नियम लिहायचे मी. माझा दंडक एकच होता, प्रत्येक शक्तीला तीन ओळी. पहिली, काय होतं. दुसरी, कधी होत नाही. तिसरी, वापरल्यानं काय बिघडतं. तिसरी ओळ नसेल तर शक्ती बाद. दाजींच्या उडणाऱ्या नायकाला मी तिसरी ओळ लावली की खालून कुणीतरी हाक मारल्याशिवाय त्याला उतरता येत नाही. दाजी दोन रविवार फुगून बसले. मग त्यांनी असा एक नायक काढला की ज्याचं काम नुसतं हाका मारणं.

आता दाजी माझे कोण, हे सांगायला हवं, आणि तिथंच घोडं अडतं. दाजी माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे. म्हणजे होते. तीन वर्षांपूर्वी दोघांचा रीतसर घटस्फोट झाला. ताईनं दाजींना सोडलं, दाजींनी ताईला सोडलं. मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून मी कुणालाच सोडलं नाही. आता एकमेकांना हाक काय मारायची, याबद्दल कोर्टाच्या कागदात एक ओळ नव्हती. अगदी निष्काळजीपणे लिहिलेला कागद. मी त्यांना दाजी म्हणत राहिलो, ते मला मेहुण्या म्हणत राहिले आणि रविवार चालू राहिले. खरं सांगायचं तर त्यांच्याशिवाय मला मित्र नाही. माझ्यासारख्या किरकिऱ्या माणसाला दुसरा मिळेल असंही वाटत नाही.

खेळ छापायला एक लहानसा प्रकाशक तयार झाला. त्याची अट अशी की चार अनोळखी माणसांना फक्त नियमपुस्तक द्यायचं आणि खेळू द्यायचं. आम्ही कोपऱ्यात बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. हे दुसरं मला किती जड गेलं ते माझ्या बायकोला विचारा.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण 'ढाल' नावाची नायिका आली आणि गाडी अडकली. मी लिहिलं होतं, 'आपल्या माणसावर आलेला वार ढाल स्वतःवर घेते. परक्यावरचा घेत नाही.' साधं, सरळ, स्वतःचीच पाठ थोपटावी असं लिहिलं होतं. पहिल्याच वाराला तिघं एकदम म्हणाले, "मी आपलाच आहे ना?" ढाल चालवणारी बाई भिडस्त निघाली. तिच्यानं कुणाला नाही म्हणवेना. दुसऱ्या फेरीत वार खलनायकावरच आला, तर त्याचा खेळाडू म्हणतो कसा, "अहो, मी या ढालीचा सख्खा चुलतभाऊ. पान सहा वाचा. मी काय परका झालो?" बाईनं त्याचाही वार घेतला. तिसऱ्या फेरीत ढाल मेली आणि सगळ्यांनी 'फार चांगली होती हो' म्हणत तिचा पत्ता बाजूला सरकवला.

दोन दिवसांनी प्रकाशकाचं पत्र आलं. बाकी उत्तम आहे, फक्त 'आपलं माणूस' म्हणजे नेमकं कोण याची व्याख्या द्यावी. येत्या सोमवारपर्यंत.

"एवढंच ना," मी दाजींना फोनवर म्हटलं. 'सुटे भाग' या शब्दाची दीड पानांत व्याख्या करणारा माणूस मी. माणसाची करायला कितीसा वेळ लागणार?

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. ताई शाळेत गणित शिकवते आणि फोनवरही पायऱ्या न गाळता बोलते.

"मी लग्न करतेय. पुढच्या महिन्यात. माणूस चांगला आहे. रविवारी जेवायला त्यांना घेऊन तुझ्याकडे येत जाईन म्हणते. तुझ्याशिवाय माहेर म्हणून मला आहे कोण?"

"अगं, ये की! विचारायचं काय त्यात?"

"मग तो तिथं नको."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्याला माझ्या घरातून बाहेर काढायला मला दोन वर्षं लागली," ताई म्हणाली. "आणि तुझ्याकडे यावं तर त्याची चप्पल दारात. जिन्यातून कितीदा परत गेलेय मी, माहीत आहे तुला?"

मला माहीत नव्हतं. ती रविवारी कामात असते असं मी समजत होतो.

"तो आपला कोण आहे आता? सांग ना. कोण आहे? रविवारी येते, तेव्हा सांग."

म्हणजे एकाच आठवड्यात दोन ठिकाणांहून एकच प्रश्न, आणि मुदतही जवळपास तीच.

पाच दिवस मी व्याख्या करत बसलो. 'एका टेबलावर बसणारा तो आपला' लिहिलं, तर खलनायकही त्याच टेबलावर बसतो. 'मदतीला धावून येणारा' लिहिलं, तर आमचे निम्मे नातेवाईक एका फटक्यात परके झाले. 'ज्याच्यासाठी वार घ्यावासा वाटतो तो' हे म्हणजे बटण कसं दाबावं, तर बटण दाबून, अशातलं झालं. शेवटी शनिवारी सगळीकडून घट्ट असं वाक्य जमलं, 'आपलं माणूस म्हणजे रक्ताच्या किंवा चालू विवाहाच्या नात्यातलं माणूस.' चालू हा शब्द माझ्या धंद्यातला. यंत्र चालू, यंत्र बंद. खोटं कशाला बोलू, त्या शब्दानं ताईचाही प्रश्न परस्पर सुटत होता आणि मला तोंडानं कुणाला काही सांगावं लागणार नव्हतं. नियमाच्या मागं लपायला फार बरी जागा असते. मी ते वाक्य दाजींना पाठवून दिलं.

रविवारी दाजी आले ते पेटी घेऊन. आत फासे, पत्ते, त्यांच्याकडचे झाडून सगळे कागद.

"व्याख्या चोख आहे," ते म्हणाले. "हे आता तुमच्याकडेच ठेवा. एकदा खेळून बघू आणि मी निघतो."

तुमच्याकडे. ठेवा. चौदा वर्षांत या माणसानं मला एकदाही तुम्ही म्हटलं नव्हतं. पहिल्या भेटीतच "काय रे मेहुण्या" म्हणून पाठीत धपाटा घातला होता. तो धपाटा बरा होता, असं मला त्या क्षणी वाटलं.

अकराला ताई आली. दारातली चप्पल तिला दिसली असणारच, पण या वेळी ती परत गेली नाही. तिनं दाजींकडे पाहिलं नाही, दाजींनी छताकडे पाहिलं.

"ताई, बरं झालं आलात," माझी बायको म्हणाली. "चौथं माणूस कमी पडतंय. एकच डाव. उद्या पत्र पाठवायचंय यांना." बायको प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढते आणि आमच्याकडे खलनायक चालवते. दिवसभर सुया टोचून तिचं समाधान होत नसावं.

ताई बसणार नव्हती. पण नियमपुस्तक समोर होतं आणि पर्समध्ये लाल पेन होतं. "पान चारवर फाशांची बेरीज चुकलीय," ती म्हणाली. "कुठं?" मी आणि दाजी एकदम ओरडलो. तोवर ती खुर्चीत बसलीही होती.

पत्ते वाटले. ताईला नेमकी ढाल आली. मला हाका मारणारा. दाजींना पूलवाला, म्हणजे पाय रोवून उभा राहिला की कोसळता पूल पाठीवर पेलणारा. त्याची तिसरी ओळ अशी की तेवढा वेळ त्याला हात हलवता येत नाहीत. पूल कोसळायला आला, वर माणसांनी भरलेली बस, खाली दाजी वाकून उभे. बायकोनं फासे टाकले.

"पाच आणि सहा. वार थेट पूलवाल्याच्या छातीवर."

आम्ही तिघं ताईकडे बघायला लागलो. तिनं माझं वाक्य काढून बोट ठेवून वाचलं.

"रक्ताचं नाही. विवाह चालू नाही." तिनं ढालीचा पत्ता पालथा ठेवला. "नियमात बसत नाही."

"बरोबर," दाजी म्हणाले आणि त्यांनी आपला पत्ताही पालथा ठेवला. पूलवाला मेला. पूल पडला, बस गेली, मी हाका मारत राहिलो आणि आमचं शहर दोन फेऱ्यांत संपलं.

"इतक्या लवकर मी कधी जिंकले नव्हते," बायको पत्ते गोळा करत म्हणाली. "मजा नाही आली."

"वाक्य पक्कं आहे," ताई मला म्हणाली. "कुठं भोक नाही." ताईनं मला दिलेली ही पहिली शाबासकी, आणि माझी मला अशी लाज वाटली की सांगता सोय नाही.

दाजी उठले. "निघतो. चालू द्या तुमचं." हे 'तुमचं' आम्हा तिघांचं मिळून होतं की एकट्या माझं, ते कळायला मार्ग नव्हता.

"बसा," मी म्हटलं. ताईच्या हातातून लाल पेन घेतलं, ते पक्कं वाक्य खोडलं आणि मोठ्यानं वाचत खाली दुसरं लिहिलं. "आपलं माणूस कोण, हे ढाल धरणारा ठरवतो. कारण सांगावं लागत नाही."

"हे खेळातलं झालं," ताई म्हणाली.

"नाही ताई. तू विचारलंस ना, तो आपला कोण? ते तुझे कुणी नाहीत. ते तू ठरवायचं, आणि तुझं बरोबर आहे. पण ते माझे आहेत." 'आपला' या एका शब्दात तिनं मलाही स्वतःबरोबर बसवून घेतलं होतं. जन्मभर मी त्या शब्दात सुखानं बसलो होतो. आता तिथून उठत होतो. "तुम्ही दोघं कधीही या. बाकीचे सहा दिवस या, रविवारी दुपारीसुद्धा या. पण रविवारी सकाळी दाजी इथं असतील. त्यांना येऊ नका म्हणून मी सांगणार नाही."

"का पण?"

"कारण सांगावं लागत नाही."

तिनं माझ्या हातातून पेन परत घेतलं, टोपण लावलं आणि पर्समध्ये ठेवलं. आदळआपट केली नाही. केली असती तर बरं झालं असतं. "जिन्यातून परत जायची सवय आहेच मला," ती म्हणाली. दोन मजले तिची पावलं ऐकू येत होती.

मग दाजींनी खुर्ची ओढली, चष्मा नाकावर घेतला आणि कागद वाचला.

"मेहुण्या, तिसरी ओळ कुठाय?"

"कसली?"

"ढालीला तिसरी ओळच नाहीये. काय होतं ते आहे, कधी होत नाही ते आहे. चार वर्षं माझं डोकं खाल्लंस आणि स्वतःच विसरलास? वापरल्यानं काय बिघडतं?"

मी कागद हिसकावून पाहिला. खरंच नव्हती. अनोळखी चौघांना, प्रकाशकाला, लाल पेनवाल्या ताईला, कुणालाच ते दिसलं नव्हतं, आणि मला तर नाहीच नाही.

"ते आत्ता जिन्यानं खाली गेलं," मी म्हटलं.

दाजी हसले नाहीत. दाराकडे बघत राहिले. "मग तसं लिही," म्हणाले.

मी लिहिलं, 'ढाल वापरणाऱ्यानं पुढचा डाव नुसतं बसून काढावा.' पुस्तक छापून आलं. ती ओळ पान नऊवर आहे आणि तिच्याबद्दल आजवर कुणी शंका काढलेली नाही.

ताईच्या लग्नाला मी आणि बायको गेलो. तिनं "हा माझा भाऊ" म्हणून ओळख करून दिली, आग्रहानं जेवायला वाढलं. घरी मात्र ती अजून आलेली नाही, रविवारी नाही आणि बाकीच्या सहा दिवसांतही नाही. दाजी येतात. हल्ली ते चप्पल दारात काढत नाहीत. हातात घेऊन आत येतात आणि कपाटाखाली सरकवतात. मी त्यांना कारण विचारत नाही. जिन्यात पावलं वाजली की आम्ही फासे मुठीत धरून थांबतो. आतापर्यंत तरी ती वरच्या मजल्यावरच्यांचीच निघाली आहेत.