मुठीचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. अंगाला पोचे, झाकण वाकडं. कधीकाळी माझ्यात गोडेतेल होतं. तलासरीच्या बाजारात एका कारागिराने माझं तोंड कापून कडी बसवली आणि जमनाने मला पाड्यावर आणलं.

दिसायला असा असलो तरी माझा मान मोठा! प्रार्थनाघरातल्या सगळ्या बायकांप्रमाणे जमनाही भात शिजत घालण्याआधी एक मूठ तांदूळ माझ्यात टाकायची. तो देवाचा वाटा. रविवारी तो प्रार्थनेला जमणाऱ्या मंडळीत जायचा आणि तिथून ज्याच्या घरी नड असेल त्याच्याकडे. लहानगी कल्पिता आईची नक्कल करायची. तिची मूठ एवढीशी, निम्मे दाणे बाहेरच सांडायचे. मग ‘देवबापाचं हाय’ म्हणत ती एकेक दाणा वेचून आत टाकायची. ते दिवस आठवले की अजून भरून येतं.

कल्पिता मोठी झाली. तिने नर्स व्हायचं मनावर घेतलं. सगळ्या मंडळीने तिच्यासाठी उपास-प्रार्थना केली. प्रवेशाची यादी लागली, पण तिचं नाव नव्हतं. त्या संध्याकाळी जमनाने मूठ भरली आणि परत तांदळाच्या पिंपात सोडली.

“एवढी वर्सं टाकलं. त्यानं ऐकलं का?” ती नवऱ्याला, मोरूला म्हणाली आणि मला माळ्यावर पालथं घातलं. माझ्यावर धूळ चढली. खरं सांगतो, मीही देवावर रुसलो होतो.

चार महिन्यांनी गंजाडच्या वाडीत चिकू उतरवताना मोरू झाडावरून पडला. पाय मोडला. हातावरचं पोट, घरातला तांदूळ संपला. रविवारी म्हातारी गंगीमावशी मंडळीचा तांदूळ पदरात बांधून आली. जमना दारातच अडून उभी राहिली.

“परत ने, मावशी. मी मूठ टाकली नाय. कोणत्या तोंडानं घेऊ?”

“देव काय हजेरी मांडतो का, बाय? सूप आण.”

सुपात सात घरचा तांदूळ पडला. रेशनचा जाडा, लाल, थोडा जुना, सगळा एकात एक. जमना त्याच्याकडे बघत राहिली. मग माळ्यावर चढली, मला पदराने पुसलं आणि चुलीवर आधण ठेवण्याआधी पहिली मूठ माझ्यात टाकली.

“अगं, आपल्यालाच खायला नाय!” खाटेवरून मोरू म्हणाला.

“कल्पीला का नाय मिळालं, ते मला कळलं नाय. कळंल का, तेही ठाव नाय. पण त्यानं आपल्याला टाकलं नाय.”

मित्रांनो, कल्पिताचं नाव अजूनही कुठल्या यादीत आलेलं नाही. ती पुन्हा अभ्यासाला बसली आहे. तुमचंही मन कधी खट्टू होईल, मागितलेलं मिळणार नाही. तेव्हा रागावा, रडा, पण देवाचा डबा माळ्यावर टाकू नका. भरल्या घरातल्या मुठी मी पुष्कळ पाहिल्या. पण उपाशी घरातली ती एक मूठ माझ्या पत्र्यावर खडखडली, त्याहून गोड प्रार्थना मी आजवर ऐकलेली नाही.