काजं यांची, बटणं माझी

"मास्तर, आज वार कोणता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं शिवणाच्या दुकानात गिऱ्हाइकानं काही विचारलं, की हे असेच माझ्याकडे बघत आलेत. मी सवयीनं बोलून गेले, "गुरुवार."

"आई, तू गप्प बस ना गं!" लेक करवादली.

विसरण्याच्या दुखण्यावर नवं औषध निघालंय, ही बातमी तिनंच शोधून काढलेली. दर काही आठवड्यांनी सलाईनमधून द्यायचं. गेलेली आठवण परत येत नाही, पण उरलेली जरा सावकाश जाते म्हणे. मला तेवढंही पुष्कळ होतं. अट एकच, दुखणं अगदी सुरुवातीचं हवं.

"विसरायला कधीपासून लागले?"

"झाले असतील सहा महिने," मी ठोकून दिलं.

बाईंनी मेंदूचे फोटो पुन्हा पाहिले. "दोन-तीन वर्षं तरी झालीत हो. आता या औषधानं फायदा नाही, उलट मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती. तेव्हाच आणलं असतंत तर विचार करता आला असता. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

येईल कसं? मी येऊ दिलं तर ना! डावी बाही उजवीकडे लागलेली असायची, खिसा उलटा. हे दुपारी आडवे झाले की मी उसवायची आणि पुन्हा शिवून ठेवायची. लोक म्हणायचे, मास्तरांचा हात अजून तस्साच आहे. मला मेलीला वाटायचं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पोटच्या पोरीलाही कळू दिलं नाही.

वाटेत ती एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचंस." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं, बाई.

दुकान उघडताच हे मशीनपाशी गेले आणि सकाळचा शर्ट माझ्यापुढे धरला. "चल, बटणं लाव." काजं यांची, बटणं माझी, हा आमचा लग्नापासूनचा शिरस्ता.

शर्ट हातात घेऊन उलगडला. दोन्ही पट्ट्यांना काजं! समोरासमोर, सात आणि सात, एकेक टाका देखणा. शिवण असती तर उसवली असती. कापलेलं काज कशानं उसवू?

"अहो, बटणं कुठं लावू?" आयुष्यात पहिल्यांदा मी यांना विचारलं.

हे शर्टाकडे बघत राहिले. मग उत्तरासाठी माझ्याकडे पाहिलं.