निवडलेली खडी

गोणीचे तोंड सोडले आणि माझा हात थांबला. खडी सगळी काळीभोर, कडा धारदार. एक चपटा तुकडा नाही, तांबूस मऊ दगड नाही, धूळसुद्धा नाही. या लॅबमध्ये मदतनीस व्हायच्या आधी तीस वर्षे मी खाणीत घण चालवला. असा ढीग कुठल्याच क्रशरखाली पडत नाही.

मी काही बोलायच्या आत लॅबच्या इंजिनिअर प्रणाली मॅडमनी पाच किलो खडी तोलून लोखंडी पिंपात घातली, वर पोलादी गोळे टाकले आणि बटन दाबले. पाचशे फेरे. पंधरा-सोळा मिनिटे. गोळ्यांच्या माराने किती खडीचा भुगा होतो ते मग चाळल्यावर कळते. भुगा कमी निघाला तर श्रीवर्धनकडच्या रस्त्याला आमच्या गावची खाण मंजूर. जास्त निघाला तर खाण बंद. माझी धाकटी बहीण सोनाबाई तिथेच कामाला.

बाहेर येऊन तिला फोन लावला.

"गोणी कुणी भरली गं?"

"मीच, दादा. मुकादम बोलला, माणगावच्या लॅबला जायचीय. म्हटलं, तू हायस तिथं. येकयेक खडा निवडून घातला. धुतला पन."

"अगं, पन का?"

"का म्हंजे? पावन्याला कनीचा भात वाढतात का?"

तिच्या मागे बायका हसल्या. "भाऊ सायब झालाय, त्याला आता दगड पन कळना!"

आत पिंप धडधडत होते. मी दारात जाई, परत फेऱ्यांचा आकडा बघायला येई. दोनशे दहा. सोनाने फसवायला काही केले नव्हते. पण रस्त्यावर तिने निवडलेली खडी पडणार नव्हती, ढिगातली पडणार होती. तीनशे. मी पुन्हा बाहेर. बोललो तर तिच्या पोटावर पाय. चारशे चाळीस.

"गुणाजीदादा, पोट बिघडलंय का? सारखे आतबाहेर करताय."

"मॅडम, हे बंद करा."

"साठच फेरे राहिलेत!"

"खडी निवडलेली हाय. माझ्या बहिणीनं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि बटन बंद केले.

दुपारी आम्ही दोघे खाणीवर गेलो. ढिगाच्या माथ्यावरून, मधून, बुडातून खडी घेतली, कालवून चार वाटे केले, समोरासमोरचे दोन ठेवले, दोन टाकले, म्हणजे हाताची निवड उरत नाही. सोना माझ्याकडे पाठ करून पाटी भरत होती. गोणी भरून झाल्यावर वाकली आणि वरचा एक तांबूस खडा तिने उचलला.

"ऱ्हाऊ दे तो, सोना."

"नापास झाली तर?"

"तर झाली."

तिने खडा गोणीत परत टाकला. गाठ मात्र मलाच मारावी लागली.